दाभणबाईने मागितलेला माणूस

बस डेपोच्या वर्कशॉपमागे, टायरांच्या ढिगापलीकडे, पत्र्याची एक लांबट खोली होती. फाटक्या सीटा तिथे यायच्या. प्रवाशांनी ब्लेडने चिरलेल्या, पेनाने गिरगटलेल्या, पोरांनी ओकून ठेवलेल्या. जुनं रेक्झिन ओरबाडून काढायचं, फोम बदलायचा, नवं रेक्झिन गुडघ्याखाली दाबून ताणायचं आणि कडेने दाभणाने टाके घालायचे, हे काम एक बाई वर्षानुवर्षं करत होती. तिचं बोलणंही दाभणासारखंच आरपार जायचं, म्हणून सगळा डेपो तिला पाठीमागे दाभणबाई म्हणायचा. तिच्या ते कानावर होतंच. एकदा भर कँटीनमध्ये ती म्हणाली, "मागून कशाला म्हणता? समोर म्हणा की. मी काय वाकणारे थोडीच?" तेव्हापासून समोरूनही तेच नाव पडलं.

तिचा नवरा त्याच डेपोत ड्रायव्हर. अबोल माणूस. घरात बोलायचं खातं बायकोकडे आणि ऐकायचं त्याच्याकडे, अशी वाटणी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात होऊन गेली होती आणि त्या वाटणीबद्दल कोणाची तक्रार नव्हती. घरात तिसरे म्हणजे सासरे. आयुष्यभर लोकांचे नळ दुरुस्त केलेले, बोलण्यात तिरकस आणि सुनेवर जीव असलेले. मूलबाळ नव्हतं. तिघांचं बरं चाललं होतं.

एका दुपारी घाट उतरताना त्याच्या बसचे ब्रेक लागले नाहीत. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला कडा. त्याने गाडी कड्यावर घासत नेली, दरीत जाऊ दिली नाही. मागच्या सीटांवरचे बहुतेक सगळे वाचले. पुढचे नाही वाचले. आणि सगळ्यात पुढे तो होता.

दिवसकार्य उरकायच्या आत कागदोपत्री निकाल लागला. अपघाताचं कारण: चालकाला डुलकी. चूक: चालकाची.

डुलकी! दाभणबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच उठून डेपो मॅनेजरच्या खोलीत शिरली. "माझ्या नवऱ्याला डुलकी लागली होती हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्याने? तो तर मेलाय. का तुम्ही त्याच्या शेजारी बसला होतात?" मॅनेजर म्हणाला, बाई, तुमचं दुःख मी समजू शकतो. ती म्हणाली, "दुःख राहू द्या माझं माझ्याजवळ. तुम्ही फक्त ते वाक्य खोडा."

वाक्य काही खोडलं गेलं नाही. मग ती हॉस्पिटलात, घराघरात हिंडून वाचलेल्या प्रवाशांना भेटत सुटली. पाय गमावलेल्या एका नर्सने पोलिसांना लेखी जबाब दिला: ड्रायव्हर जागा होता. तो दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा होता आणि ओरडत होता, 'मागे सरका, सगळे मागे सरका.' दुसऱ्या दोघांनी तेच सांगितलं. शेवटी फेरचौकशी झाली, आणि ब्रेक उघडल्यावर सगळं बाहेर आलं. चाक घट्ट धरून थांबवणारे लायनर नावाजलेल्या कंपनीच्या खोक्यात आले होते, पण होते भलतेच. लाकडाचा भुसा आणि कसलातरी चिकट डिंक दाबून केलेले. तापले की भुगा. ते पुरवणारा ठेकेदार डेपोच्या प्रत्येक समारंभात पहिल्या रांगेत बसायचा. पोलीस त्याच्या बंगल्यावर गेले तेव्हा तिथे वॉचमन आणि कुत्रा एवढेच शिल्लक होते. ब्रेकवाला हद्द ओलांडून शेजारच्या देशात गेला होता आणि तिथे, म्हणे, हॉटेल बांधत होता.

तेव्हा दाभणबाईने तो शब्द पहिल्यांदा ऐकला. प्रत्यार्पण. घरी येऊन तिने सासऱ्यांना सांगितला, तर ते म्हणाले, "हे तोंडातून बाहेर पडेपर्यंत तो आणखी एक देश ओलांडेल."

राजधानीतल्या मंत्रालयात हे काम एका सचिवसाहेबांकडे होतं. गोरे, गुळगुळीत, हळू आवाजात बोलणारे. त्यांनी तिला समजावून सांगितलं. "पलीकडच्या देशाशी आपला करार आहे, बाई. त्यांचा गुन्हेगार इथे लपला तर आपण द्यायचा, आपला तिथे लपला तर त्यांनी द्यायचा. दोन सरकारांनी एकमेकांना दिलेला शब्द आहे हा. तो कोणी मोडत नाही."

भाजीवाल्याच्या तराजूकडे डोळ्यांत तेल घालून बघणारी ही बाई, पण तिने हा शब्द खरा मानला. एक सरकार खोटं बोलेल एखाद वेळ, असा तिचा हिशेब. दोन मिळून कशी बोलतील?

पुढची कित्येक वर्षं तिने बसने राजधानीच्या खेपा घातल्या. कधी कळायचं, कागद पाठवलेत. कधी, भाषांतरात चूक निघाली, कागद परत आलेत. कधी, तिथलं सरकार बदललंय, जरा थांबा. कधी, ब्रेकवाल्याला पाठीचा त्रास आहे, त्याला प्रवास झेपणार नाही. "माझ्या नवऱ्यालाही झेपला नाही," ती म्हणाली. सचिवसाहेबांनी मान डोलावली. मान डोलवायचा त्यांना पगार होता.

या काळात तिला खरा आधार झाला तो मास्तरचा.

मास्तर डेपोच्या रंगखात्यात होता. बसवरचे नंबर आणि गावांच्या पाट्या तो हाताने रंगवायचा. अक्षर असं की लोक चुकीच्या बसमध्येसुद्धा खुशीने चढतील, असं ड्रायव्हर म्हणायचे. मूळचा तो शेजारच्या देशातला. तिथे सरकारी खाणीलगतच्या एका शाळेत शिकवायचा. खाणीचं पाणी पिऊन पोरं आजारी पडायला लागली, तेव्हा आईबापांना घेऊन तो कचेरीवर गेला. एकदा, दोनदा, दहादा. मग एक दिवस खाणीची कचेरी जळाली आणि आळ मास्तरवर आला. त्या वेळी तो वर्गात परीक्षा घेत होता, सगळा वर्ग साक्षीला होता, पण तिथे पोरांची साक्ष कोण घेणार? तो रातोरात पळून इकडे आला. इथल्या सरकारने नीट चौकशी केली, त्याचं म्हणणं पटलं, आणि त्याला आसरा मिळाला.

दुपारच्या चहाला तो सीटांच्या खोलीत यायचा. पलीकडच्या देशातल्या बातम्या वाचून सांगायचा, ब्रेकवाल्याच्या हॉटेलवर आता कितवा मजला चढलाय तेही. त्या कराराची त्याने अक्षर न् अक्षर उजळणी केली होती.

"तुम्हाला कशाला हवा तो करार?" तिने एकदा विचारलं.

"ताई, त्याच करारात माझंही एक कलम आहे," मास्तर म्हणाला. "चौथं. सरकारवर बोट ठेवलं म्हणून ज्याच्यावर खटला भरलाय, त्याला परत द्यायचं नाही. तुमचं कलम दुसरं. गुन्हेगार मागितला की द्यायचा. तुम्ही दुसऱ्यावर जगताय, मी चौथ्यावर."

"म्हणजे आपण शेजारी."

"भिंतीला भिंत लागून," तो म्हणाला, आणि दोघं हसली.

मग एका गुरुवारी मंत्रालयातून फोन आला. सचिवसाहेब स्वतः. ब्रेकवाला मिळणार. पुढच्या आठवड्यात विमानाने आणणार, मंत्री स्वतः पत्रकारांपुढे जाहीर करणार, आणि त्या वेळी तुम्ही व्यासपीठावर हव्यात. ती रेक्झिनच्या गुंडाळीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. डेपोतल्या कोणी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मेकॅनिक येऊन दारात नुसते उभे राहिले. तिने डोळे पुसले आणि पहिल्यांदा रंगखात्याकडे धाव घेतली. ही बातमी मास्तरला सांगायची होती.

रंगखात्यात मास्तर नव्हता. रंगाचा डबा उघडा होता, पाटीवर गावाचं नाव अर्धं लिहिलेलं होतं. शेजारचा रंगारी म्हणाला, "साध्या कपड्यातले पोलीस आले होते. हात धुवू दिले नाहीत त्याला. ओल्या रंगाच्या हातांनीच नेला."

तरी तिच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. काहीतरी कागदपत्रांची भानगड असेल, असंच तिला वाटलं. संध्याकाळी मास्तरची वकीलबाई घरी आली. तिशीतली, अंगाने किरकोळ, आवाजाने खणखणीत. ती दारातच म्हणाली, "ताई, तुमच्या माणसाच्या बदल्यात ते मास्तरला देतायत."

सासरे खुर्चीत बसले होते. त्यांनी रेडिओ बंद केला.

वकीलबाईने सांगितलं ते असं. पलीकडच्या सरकारला मास्तर कधीपासून हवाच होता. या सरकारला निवडणुकीच्या तोंडावर ब्रेकवाला हवा होता. सौदा ठरला. कराराच्या चौथ्या कलमाचं काय? तर मास्तरचा गुन्हा 'साध्या जाळपोळीचा' आहे, त्यात राजकारणाचा संबंध नाही, असं यांनी अचानक ठरवून टाकलं. पलीकडच्यांनी लिहून दिलं की फक्त जाळपोळीचाच खटला चालवू, उघड्या कोर्टात, साध्या न्यायाधीशापुढे. "मी सोमवारी कोर्टात थांबवायचा अर्ज लावलाय," वकीलबाई म्हणाली. "तुम्ही शपथेवर सांगितलंत की तुमच्या नावाने हा सौदा नको, तर माझी बाजू भक्कम होईल. पण मग तुमचा माणूसही कदाचित येणार नाही. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही."

ती गेली. दाभणबाईने ताटं वाढली. सासऱ्यांनी घास उचललाच नाही.

"मी स्पष्ट बोलू?" ते म्हणाले.

"बोला बाबा."

"मला माझ्या पोराचा मारेकरी हवाय. मी म्हातारा झालोय. तो कोर्टात उभा राहिलेला मला बघायचाय. मास्तर चांगला माणूस आहे, नाही म्हणत नाही. पण गेला तर गेला. तो काय आपल्या नात्याचा आहे का?"

"नाही."

"मग?"

तिचा राग सासऱ्यांवर नव्हताच. ज्यांनी हा प्रश्न तिच्या ताटात आणून वाढला होता त्यांच्यावर होता. तिचा नवरा मेला, ते दुःख तिचं एकटीचं होतं, स्वच्छ होतं. त्यातही या लोकांनी बोटं बुडवली होती.

दुसऱ्या दिवशी ती राजधानीला गेली. या वेळी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं नाही, थेट आत नेलं. चहा आला, बिस्किटं आली. तिने बशीला हात लावला नाही.

"मास्तरला सोडा," ती म्हणाली.

सचिवसाहेब खरंच गोंधळले. "बाई, तुम्हाला तो ठेकेदार हवा होता ना? इतकी वर्षं तुम्हीच तर येत होता. आम्ही हे सगळं तुमच्यासाठीच करतोय."

"माझ्यासाठी?" ती उठून उभी राहिली. "मी तुमच्याकडे माझ्या हक्काचं मागत होते. कराराप्रमाणे. तुम्हीच म्हणालात, मागितला की द्यावाच लागतो. मग त्याची किंमत कशाला मोजताय? आणि मोजायचीच होती तर स्वतःच्या घरातलं काहीतरी द्यायचं होतं. दुसऱ्याचा जिवंत माणूस उचलून देताय आणि वर माझ्या नावाची पावती फाडताय?"

"जरा हळू बोला."

"ओरडायला अजून सुरुवात केली नाही मी."

तिथून ती सरळ वकीलबाईच्या ऑफिसात गेली आणि शपथपत्रावर सही केली. घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं. दोन दिवस त्यांनी अबोला धरला, आणि त्या घरात ही नवलाची गोष्ट होती.

सोमवारी कोर्ट माणसांनी भरलं होतं. डेपोतले अर्धे लोक रजा टाकून आले होते. वकीलबाई उभी राहिली, ती दोन वाक्यं बोलली असेल नसेल, तोच सरकारी वकील उठले. चेहऱ्यावरची माशी हलू न देता म्हणाले, "संबंधित व्यक्तीला काल हद्दीवर सुपूर्द करण्यात आलं आहे. ती आता आपल्या देशात नाही. त्यामुळे या अर्जात काही अर्थ उरलेला नाही."

रविवारी. कोर्ट बंद असताना. न्यायाधीशांचाही चेहरा उतरला. त्यांनी ताशेरे ओढले, खुलासा मागितला, पुढची तारीख दिली. ताशेऱ्यांनी कधी कोणाची बेडी तुटलीय?

आणि बुधवारी ब्रेकवाला आला. वजन वाढलेलं, पाठ ठणठणीत. मंत्र्यांच्या सभागृहात कॅमेरे लागले. दाभणबाई येणार नाही असंच सगळ्यांना वाटत होतं, पण ती आली, धुवट साडी नेसून, मुकाट्याने दिलेल्या खुर्चीवर बसली. सचिवसाहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मंत्री म्हणाले, "आज एका भगिनीला आम्ही दिलेला शब्द पाळला," आणि माईक तिच्याकडे सरकवला.

"साहेब," ती म्हणाली, "मी ब्रेकवाला मागितला होता. मास्तर देऊन टाका असं मी कोणाला म्हटलं होतं? करारात चौथं कलम आहे, ते तुम्ही वाचलंय का? का ज्याच्या बदल्यात फोटो मिळतो तेवढंच कलम वाचता?"

माईक बंद झाला. पण तिचा आवाज वर्कशॉपमध्ये हवेच्या पंपाच्या आवाजावर बोलून तयार झालेला होता. ती बोलतच राहिली. "मास्तर कुठे आहे ते सांगा! त्याला हात तरी धुवू दिलेत का?" दोन महिला पोलिसांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. संध्याकाळच्या बातम्यांत मंत्र्यांचं वाक्य दाखवलं, तिचं नाही. आठवड्याभरात तिची सीटांच्या खोलीतून बदली झाली, बस धुवायच्या खात्यात. 'प्रशासकीय कारणास्तव.'

मास्तरचं काय झालं ते महिन्याभरात कळलं. जाळपोळीचा खटला बाजूलाच राहिला. त्याच्यावर राजद्रोहाचा गुन्हा लावला, लष्करी कोर्टात, बंद दाराआड. पंधरा वर्षं. लिहून दिलेला शब्द कुठे गेला, असं वकीलबाईने मंत्रालयाला विचारलं. उत्तर आलं की आम्ही चिंता व्यक्त केली आहे.

चिंता व्यक्त केली! दाभणबाई पाण्याचा पाइप हातात घेऊन बसच्या काचांवर फवारा मारत होती, तेव्हा वकीलबाईने तिला हे सांगितलं. तिने पाइप तसाच जमिनीवर टाकला, पाणी वाहत राहिलं.

निदान ब्रेकवाल्याला तरी शिक्षा होईल, एवढंच आता उरलं होतं. सासरे पहिल्या तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून गेले. त्यांना पुढच्या बाकावर बसायचं होतं. आरोप वाचून दाखवले गेले. बनावट शिक्के. खोटी प्रमाणपत्रं. सरकारची फसवणूक. मग कारकुनाने कागद खाली ठेवला.

सासऱ्यांनी सुनेकडे बघितलं. "माणसं कुठे आहेत यात?"

मेलेली माणसं त्यात कुठेच नव्हती. घाट नव्हता, बस नव्हती, ड्रायव्हर नव्हता. दाभणबाई पुन्हा सचिवसाहेबांपुढे जाऊन उभी राहिली. या वेळी चहा नव्हता.

"करारात एक नियम असतो, बाई," ते म्हणाले. "ज्या गुन्ह्यासाठी माणूस मागितला, तेवढ्याच गुन्ह्याचा खटला चालवायचा. आपण त्याला कागदपत्रांच्या गुन्ह्यासाठी मागितला होता."

"फक्त कागदांसाठी? का?"

"मृत्यूंचा आरोप घातला असता तर त्यांनी दिला नसता. वाटाघाटीत थोडंफार सोडावं लागतं."

"थोडंफार," ती म्हणाली. "माझा नवरा थोडा का फार?"

त्यांनी समोरची फाइल मिटली.

"बरं, मग आता लावा ना मृत्यूंचा आरोप. माणूस तुमच्या ताब्यात आहे."

"तसं करता येणार नाही. करार मोडल्यासारखं होईल." सचिवसाहेबांचा चेहरा गंभीर झाला. "आंतरराष्ट्रीय शब्द आहे, बाई. आपल्या देशाची अब्रू असते त्यात."

इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की सरकारं करार पाळतात तरी किंवा मोडतात तरी. आत्ता तिला कळलं की तसं नसतं. तीच सरकारं, तोच करार. पाटी रंगवणाऱ्यासाठी तो रविवारी मोडतो आणि हॉटेल बांधणाऱ्यासाठी काना-मात्रा-वेलांटीसकट पाळला जातो. शब्द पाळता येत नाही असं नाही. चांगला पाळता येतो. फक्त कोणाचा, ते आधी बघतात.

"साहेब," ती म्हणाली, "तुम्हाला लाज वाटत नाही, हे मला आधी खरं वाटत नव्हतं."

ब्रेकवाल्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यातली बरीचशी तो हॉस्पिटलच्या खोलीत होता. पाठ पुन्हा दुखायला लागली होती. आणि मृत्यूंचा खटलाच उभा राहिला नाही, म्हणून डेपोच्या दप्तरातलं ते जुनं वाक्यही तसंच राहिलं. चूक: चालकाची. ते बदलायला कोर्टाचा निकाल लागतो, असं मॅनेजर म्हणाला.

वकीलबाई मात्र मास्तरच्या खटल्याला चिकटून राहिली आणि दाभणबाई तिच्याबरोबर. पुष्कळ तारखांनंतर वरच्या कोर्टाने निकाल दिला: मास्तरला सुपूर्द करणं बेकायदेशीर होतं, सरकारने त्याला परत आणावं. डेपोत फटाका फुटावा तशी बातमी पसरली. सरकारने पलीकडे मागणी केली. उत्तर आलं, दिलेला माणूस परत करायची करारात तरतूद नाही. ते उत्तर वाचून दाखवणारा अधिकारी नवा होता. सचिवसाहेब तोपर्यंत राजदूत होऊन गेले होते. दाभणबाई त्या नव्या अधिकाऱ्यापुढे मोठ्यांदा हसली, इतकी की शिपाई आत डोकावला. हसू थांबल्यावर ती म्हणाली, "तुमचा दोष नाही. तुम्ही नवीन आहात. शिकाल."

त्या निकालाने एवढंच झालं की मास्तरला भेटायची परवानगी मिळाली. सासरे म्हणाले, मीही येणार. तिने पुष्कळ समजावलं, लांबचा प्रवास आहे, गुडघे साथ देणार नाहीत. "गुडघ्यांना मी बघतो," ते म्हणाले. बसमध्ये ते सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते आणि मधूनच ओठ हलवत होते. काहीतरी पाठ करत असावेत. तिने विचारलं नाही.

तुरुंगातली भेटीची खोली अरुंद होती. मध्ये दुहेरी जाळी, अलीकडे ती आणि सासरे, पलीकडे मास्तर, त्याच्या मागे भिंतीला टेकलेला पहारेकरी. मास्तर निम्मा झाला होता. पुढचे दोन दात नव्हते. पण तिला बघून त्याचे डोळे चमकले.

"पाट्या कोण रंगवतं आता?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"कोणी नाही. छापील स्टिकर लावतात. उन्हाने सोलून निघतात."

"निघणारच," तो म्हणाला. त्याला बरं वाटलेलं दिसलं. मग म्हणाला, "ताई, एक गोष्ट मला इथे पुरते. माझं जे झालं ते झालं, पण तुमचा माणूस मिळाला. सगळंच काही वाया गेलं नाही. किती झाली त्याला?"

इथे काही माहिती पोचत नव्हती. खोटं बोलावं असं एक क्षण दाभणबाईच्या मनात येऊन गेलं. पण खोटं बोलणारे आधीच पुष्कळ होऊन गेले होते.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "खोट्या शिक्क्यांसाठी. मेलेल्यांचा खटला चाललाच नाही. तो सुटला पण."

मास्तर जाळीकडे वाकला. "आणि दप्तरात? तुमच्या मिस्टरांच्या नावापुढे?"

"तेच आहे अजून."

इतक्या वर्षांत तिने या माणसाला कधी चिडलेला पाहिला नव्हता. पोलीस त्याला हात न धुऊ देता घेऊन गेले तेव्हाही तो काही बोलला नव्हता, असं रंगारी सांगायचा. तो आता उठला आणि दोन्ही मुठी त्याने जाळीवर आपटल्या. "तीन वर्षं! मला विकून तीन वर्षं आणली त्यांनी? अरे, निदान सौदा तरी नीट करायचा होता! त्या माणसाने बस कड्याला लावली, लोकांना वाचवलं, आणि चूक त्याची?" त्याचा आवाज फाटला. पहारेकऱ्याने त्याला मागून धरलं. "ताई, सोडू नका! वाक्य खोडून घ्या ते! ऐकलंत का?" त्याला ओढत दाराबाहेर नेलं तरी आवाज येत होता.

भेटीची वेळ अजून बरीच बाकी होती. ती रद्द झाली, असं पहारेकरी येऊन सांगून गेला.

बाहेरच्या ओसरीत सासरे बाकावर बसले. "माझं बोलायचं राहिलं," ते म्हणाले. "त्या दिवशी मी म्हणालो होतो ना, गेला तर गेला. मला त्याला सांगायचं होतं... बसमध्ये सगळं जुळवलं होतं मी."

"पुढच्या वेळी सांगा बाबा."

"पुढची वेळ कधी?"

दाभणबाई उठली. समोर भेटीच्या तारखा देणारी खिडकी होती, आणि आतल्या माणसाने तिला येताना बघून झडप खाली ओढली होती. आत त्याचा खोकण्याचा आवाज येत होता. तिने पदर खोचला आणि मुठीने ती झडप वाजवायला सुरुवात केली.